परक्या गावचे इंग्रजी मास्तर

परदेशी जाऊन इंग्रजी शिकविण्याचे काम पत्करणारा मनुष्य एकाच वेळी दोन शाळांत दाखल होत असतो. एका शाळेत तो शिक्षक असतो. ती सुटली की घर, बाजार आणि शेजार ह्यांच्या शाळेत तो अगदी बिगरीतला विद्यार्थी ठरतो. भाजी काय भावाने घ्यावी, पाहुण्यापुढे कसे बसावे, थंडीत अंथरूण-पांघरूण काय असावे, हे त्याला त्याच्या विद्यार्थ्यांचे धाकटे भाऊसुद्धा शिकवू शकतात. ह्या दोन शाळांचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ज्यांच्या ते फार लवकर ध्यानात आले, अशा एका शिक्षकाची हकीकत येथे सांगावयाची आहे. ते शिक्षक म्हणजे लाफ्काडिओ हर्न आणि त्यांचे गाव म्हणजे जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील मात्सुए.

हर्न तेथे पोचले तो काळ समजून घेतला पाहिजे. १८६८ साली जपानात मेइजी राजवट सुरू झाली आणि शेकडो वर्षे दारे लावून बसलेला तो देश पाश्चात्त्य विद्या शिकावयास निघाला. रेल्वे, आरमार, वैद्यक, कायदा, भाषा अशा अनेक कामांसाठी सरकारने परकीय माणसे करारावर नेमली. त्यांना वेतन भरपूर दिले जाई; पण त्यांच्या हाताखाली आपली माणसे तयार झाली की त्यांना निरोप द्यावयाचा, हेही आरंभापासून ठरलेले असे. ही गोष्ट भारतातील परिस्थितीहून वेगळी होती. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले तेव्हा इंग्रजी ही आपल्याकडे राज्यकर्त्यांची भाषा होती. जपानात इंग्रजी शिकविणारा गोरा मनुष्य राज्यकर्ता नव्हता. तो जपानी सरकारचा पगारी नोकर होता. त्याला वागविण्याची आणि त्याने वागण्याची रीत त्यामुळे निराळी होती.

१८९० च्या एप्रिलमध्ये हर्न योकोहामा बंदरात उतरले ते शिक्षक म्हणून नव्हे. त्यांचा जन्म १८५० साली ग्रीसमधील लेफ्काडा बेटावर झाला. आई ग्रीक, वडील आयरिश. बालपण आयर्लंडमध्ये गेले आणि तेही आईबापांवाचून. सोळाव्या वर्षी खेळताना इजा होऊन डावा डोळा गेला. उरलेला डोळाही ऱ्हस्वदृष्टीचा. पुढे अमेरिकेतील सिन्सिनाटी आणि न्यू ऑर्लिन्स ह्या शहरांत त्यांनी वृत्तपत्रांत काम केले, दोन वर्षे वेस्ट इंडीजमधील मार्तिनिक बेटावर काढली आणि न्यूयॉर्कच्या एका प्रकाशनसंस्थेसाठी लेख लिहावयाचे म्हणून ते जपानला आले. लवकरच त्या संस्थेशी त्यांचे बिनसले. चाळिशीचे वय, हाती पैसा नाही, देशाची भाषा येत नाही, विद्यापीठाची पदवी नाही आणि शाळेत शिकविण्याचा अनुभवही नाही, अशा स्थितीत त्यांनी नोकरी शोधली. टोकियोतील भाषापंडित बेझिल हॉल चेंबर्लेन आणि शिक्षणखात्यातील अधिकारी हात्तोरी इचिझो ह्यांच्या साहाय्याने त्यांना मात्सुएच्या माध्यमिक शाळेत आणि शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलमध्ये इंग्रजीचे काम मिळाले. वेतन दरमहा शंभर येन. लहान गावाच्या मानाने ही रक्कम भरघोस होती.

डोंगर ओलांडून, बराच प्रवास मनुष्याने ओढलेल्या रिक्षातून करून ३० ऑगस्ट १८९० रोजी ते मात्सुएला पोचले. शिंजी सरोवराच्या काठी वसलेले हे जुन्या सरदारी अमदानीतले किल्ल्याचे गाव. पहिल्या पहाटे त्यांना जाग आली ती एका दबक्या ठोक्यांच्या आवाजाने. पायाने दाबून चालविण्याच्या लाकडी मुसळाने कोणी भात कांडीत होते. मागोमाग देवळातील घंटा वाजली, फेरीवाल्यांच्या हाका आल्या आणि नदीकाठी उगवत्या सूर्यापुढे टाळ्या वाजवून प्रार्थना करणारी माणसे दिसली. कोकणातल्या किंवा मावळातल्या खेड्यात वाढलेल्या माणसाला ह्यातले काहीच फारसे परके वाटणार नाही. हर्न ह्यांना मात्र सगळेच नवे होते. त्यांनी ते ऐकले, पाहिले आणि टिपून ठेवले.

नेमणुकीच्या कागदावर त्यांच्या नावाचे जपानी लिपीत 'हेरुन' असे रूप झाले. गावानेही ते उचलले आणि हर्नसाहेबांचे 'हेरुन-सान' झाले. आपल्या नावाची अशी मोडतोड झालेली पाहून कोणी दुरुस्ती सुचविली असती. हर्न ह्यांनी हे नवे नाव आनंदाने घेतले.

नव्या गावी आलेल्या शिक्षकाची पहिली गरज कोणती, असे विचारले तर घर किंवा पैसा असे उत्तर येईल. हर्न ह्यांच्या अनुभवावरून दिसते की पहिली गरज एका माणसाची असते. निशिदा सेंतारो हे त्या माध्यमिक शाळेतील प्रमुख अध्यापक. वयाने हर्न ह्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान, प्रकृतीने नाजूक, पण इंग्रजी उत्तम जाणणारे. दुभाष्याचे काम करणे, अधिकाऱ्यांच्या भेटी घडविणे, सणावारांचा अर्थ सांगणे, शाळेतील रीतिरिवाज समजावणे, हे सारे निशिदा ह्यांनी केले. अशी मदत सरकारी करारात लिहिता येत नाही आणि तिच्यावाचून करार टिकतही नाही. १८९७ साली निशिदा क्षयाने वारले. त्यांचे ऋण हर्न अखेरपर्यंत विसरले नाहीत.

शाळेची इमारत पाश्चात्त्य धर्तीची, लाकडी, दुमजली होती. पहिल्या दिवसांत वर्गातील सगळे चेहरे सारखेच वाटतात, हा परदेशी शिक्षकाचा नेहमीचा अनुभव हर्न ह्यांनाही आला. काही आठवडे गेल्यावर एकेक चेहरा वेगळा दिसू लागला आणि पुढे ज्यांच्यात फरक दिसत नव्हता तेच विद्यार्थी कायमचे स्मरणात राहिले.

इंग्रजी शिकताना ह्या मुलांना अडचण कोठे येत असे, हे पाहण्यासारखे आहे. जपानी भाषेत 'ल' आणि 'र' असे दोन स्वतंत्र ध्वनी नाहीत. नामाला सामान्यतः अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही. इंग्रजीत नामाआधी येणाऱ्या उपपदांसारखे तेथे काही नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि विभक्तीचे काम नामानंतर येणारे छोटे शब्द करतात. ह्या शेवटच्या दोन बाबतींत जपानी वाक्य इंग्रजीपेक्षा मराठीच्या अधिक जवळ आहे. 'मुलगा पुस्तक वाचतो' हाच शब्दक्रम जपानी मुलाच्याही तोंडी असतो. इंग्रजीत त्याला वाचणे आधी सांगावे लागते आणि पुस्तक मागून. म्हणजे नव्या शब्दांचे पाठांतर हा अर्धाच भाग झाला. वाक्याची सवय उलटी करणे हे खरे कष्टाचे काम.

हर्न ह्यांना जपानी येत नव्हते. तेव्हा भाषांतर करून शिकविण्याचा मार्ग त्यांच्यापुढे नव्हताच. मुलांच्या भोवतालचे विषय देऊन इंग्रजीत निबंध लिहवून घेणे, हे त्यांनी आपले मुख्य साधन केले. चंद्र, बागेतील फूल, असे साधे विषय ते देत. जे निबंध हाती येत त्यांनी ते चकित होत. चुका तर होत्याच; पण चुकांपेक्षा वेगळी एक गोष्ट त्यांच्या नजरेत भरली. एका विषयावर सगळा वर्ग लिहू लागला की पुष्कळांच्या उपमा एकच असत आणि फुलावरचा निबंधही शेवटी नीतिबोधावर येऊन थांबे. 'स्वतःची कल्पना नाही' असा शेरा मारून मोकळे होणे सोपे होते. हर्न ह्यांनी त्यामागचे कारण शोधले. ह्या मुलांना लहानपणापासून जुन्या कवितेतले ठरलेले संकेत शिकविलेले होते. चंद्र म्हणताच कोणती उपमा यावी हे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेले होते. युरोपात ज्याला नावीन्याचा अभाव म्हणतील, तो येथे परंपरेचा संस्कार होता. विद्यार्थ्याची चूक आणि विद्यार्थ्याची संस्कृती ह्यांतला भेद ओळखणे, ही परभाषेच्या शिक्षकाची मोठी कसोटी होय.

एकदा एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले की, सम्राटाच्या तसबिरीपुढे आम्ही वाकतो म्हणून पूर्वीचे एक परदेशी शिक्षक आम्हांला रानटी म्हणत. आपले मत काय? हर्न ह्यांनी सांगितले की, आपल्या राजाला आणि आपल्या पूर्वजांच्या दैवतांना मान देणे हे तुमचे कर्तव्य आहे आणि कोणी काही म्हटले म्हणून ते सोडण्याचे कारण नाही. इंग्रजी शिकावयाचे म्हणजे आपल्या घरच्या गोष्टींची लाज वाटू लागली पाहिजे, अशी समजूत त्या काळी केवळ जपानातच होती असे नाही. ती ह्या शिक्षकाने आपल्या वर्गात शिरू दिली नाही.

तथापि ह्या उत्तराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये शिक्षणविषयक राजाज्ञा निघाली आणि देशभर शाळांतून ती समारंभाने वाचली जाऊ लागली. पुढील अर्धशतकात त्याच राजनिष्ठेचा उपयोग मुलांना युद्धासाठी तयार करण्याकडे झाला आणि १९४८ साली जपानच्या संसदेने ती राजाज्ञा रद्द ठरविली. मात्सुएच्या वर्गात उभ्या असलेल्या हर्न ह्यांना हे भविष्य दिसणे शक्य नव्हते. पण परक्या समाजावर जडलेले प्रेम कधी कधी त्यातील धोक्याकडे पाहू देत नाही, एवढे ह्यावरून ध्यानात यावे.

शाळेबाहेरचा संसार इतका सुरळीत नव्हता. पहिला मुक्काम एका खाणावळवजा उतारशाळेत होता. तेथील एका लहान मुलीचे डोळे आले होते आणि मालक तिच्या औषधपाण्याकडे लक्ष देत नव्हता. एक डोळा गमावलेल्या हर्न ह्यांना हे सहन झाले नाही. त्यांनी स्वतः तिच्या उपचाराची व्यवस्था केली आणि ती जागा सोडून दुसरे बिऱ्हाड केले. मग हिवाळा आला. कागदी पडद्यांच्या घरात निखाऱ्याच्या शेगडीवर भागवावे लागे. १८९१ च्या जानेवारीत बर्फ पडले आणि हर्न छातीच्या विकाराने अंथरुणाला खिळले. त्या दिवसांत प्रांताच्या गव्हर्नरांच्या कन्येने त्यांच्या करमणुकीसाठी एक गाणारा पक्षी भेट म्हणून पाठविला. परक्या मास्तराची गावाने घेतलेली ही दखल होती.

ह्याच सुमारास त्यांच्या घरी कोइझुमी सेत्सु आल्या. सामुराई घराण्यात जन्म, परंतु नव्या राजवटीत सामुराईंची वतने गेली आणि घराणे दारिद्र्यात आले. विणकाम करून त्यांनी माणसे पोसली होती. पहिला विवाहही मोडलेला होता. घरकामासाठी आलेल्या सेत्सु पुढे हर्न ह्यांच्या पत्नी झाल्या. उन्हाळ्यात दोघे किल्ल्याशेजारी एका जुन्या सामुराई वाड्यात राहावयास गेले. तेथे बाग होती, तळे होते, बेडूक होते. हर्न शाळेतून आले की पाश्चात्त्य पोशाख उतरवून जपानी झगा घालीत आणि चटईवर बसून बागेकडे पाहत.

येथे कोणी असे समजू नये की ते पूर्णपणे जपानी होऊन गेले. सुमारे दहा महिने जपानी जेवणावर काढल्यावर प्रकृती इतकी ढासळली की त्यांना पुन्हा मांसाहाराकडे आणि बिअरकडे वळावे लागले. आणि ही कबुली त्यांनी आपल्या मित्राला पत्राने दिली. लिहिताना कागद डोळ्याजवळ यावा म्हणून त्यांना उंच मेज लागे. चटईवर बसून ते जमत नसे. जपानी भाषाही त्यांना पुरती कधीच आली नाही. पतिपत्नींनी आपसांत एक घरगुती बोली बनविली होती. शब्द जपानी, पण विभक्तीचे शब्द गळालेले आणि क्रियापदांची रूपे सोडून दिलेली. ती बोली त्या घराबाहेर कोणाला नीट समजली नसती. घरात मात्र तिच्यात तंटे, थट्टा, मुलांची आजारपणे आणि भुतांच्या गोष्टी सारे काही मावत असे. सेत्सु ह्यांनीही इंग्रजी शिकावयास घेतले होते. ऐकलेले इंग्रजी शब्द जपानी लिपीत लिहून त्यांच्यापुढे अर्थ मांडलेली त्यांची वही आजही जपून ठेवलेली आहे.

१८९१ च्या नोव्हेंबरमध्ये हर्न ह्यांनी मात्सुए सोडले. थंडी सोसवत नव्हती आणि सेत्सु ह्यांच्या माहेरच्या माणसांचाही भार आता त्यांच्यावर होता. क्यूशू बेटावरील कुमामोतो येथील सरकारी महाविद्यालयात वेतन दुप्पट, म्हणजे दोनशे येन होते. निघताना शिक्षकांनी फुलदाण्या दिल्या, विद्यार्थ्यांनी एक जपानी तलवार दिली आणि धक्क्यावर निरोपाला गर्दी झाली. अवघ्या पंधरा महिन्यांच्या वास्तव्याची ही कमाई होती.

ह्या दिवसांतील एका विद्यार्थ्याची गोष्ट हर्न ह्यांनी लिहून ठेवली आहे. तो एका सुताराचा मुलगा. बुद्धीने तल्लख, म्हणून गावातील सहृदय माणसांनी त्याच्या शिक्षणाचा खर्च उचललेला. अभ्यासाच्या ताणाने तो आजारी पडला आणि उठण्याची आशा राहिली नाही. एके रात्री त्याने शाळा पाहण्याचा हट्ट धरला. एका विश्वासू नोकराने त्याला पाठीवर घेऊन शाळेच्या इमारतीपर्यंत नेले. अंधारात त्याने आपल्या वर्गाच्या खिडक्या पाहिल्या आणि तो परतला. मग थोड्याच दिवसांत वारला. ज्या गावी शाळा ही मुलांना एवढी प्रिय होती, तेथे शिक्षकाने केवळ पगारासाठी शिकविणे अवघडच होते.

कुमामोतोत मात्सुएचा जिव्हाळा भेटला नाही. ते लष्करी छावणीचे, १८७७ च्या यादवीत जळून पुन्हा उभारलेले शहर. विद्यार्थी वयाने मोठे आणि अबोल. सहकारी आपापल्या व्यापात. तेथील प्राचार्य कानो जिगोरो हे ज्यूडो विद्येचे प्रवर्तक. त्यांच्याविषयी हर्न ह्यांना आदर होता. परंतु आदर आणि आपलेपणा ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशात एका गावी जीव रमला म्हणजे सगळा देश आपला झाला, असे होत नाही. दुसऱ्या गावी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. १८९३ साली कुमामोतोतच त्यांचा थोरला मुलगा जन्मला आणि परत जाण्याचा विचार मागे पडला. विवाहाची इंग्रज पद्धतीने नोंद केली असती तर पत्नीचे आणि मुलाचे जपानी नागरिकत्व धोक्यात आले असते. म्हणून १८९६ साली हर्न स्वतःच पत्नीच्या घराण्यात नाव दाखल करून जपानी नागरिक झाले. कोइझुमी याकुमो हे त्यांचे नवे नाव.

त्याच वर्षी ते टोकियोच्या शाही विद्यापीठात इंग्रजी वाङ्‌मयाचे व्याख्याते झाले. विद्यार्थ्यांना अक्षरन्‌अक्षर टिपून घेता यावे म्हणून ते अगदी सावकाश बोलत. वाङ्‌मय हा भावनेचा आविष्कार आहे, तेव्हा ते नियमांनी न शिकविता भावनेच्या वाटेने शिकवावे, हे त्यांचे सूत्र. त्या वह्यांवरूनच त्यांची व्याख्याने मृत्यूनंतर ग्रंथरूपाने निघाली. पण मेइजी धोरण आपल्या मार्गाने चाललेच होते. १९०३ च्या मार्चमध्ये विद्यापीठाने त्यांचा करार संपविला. विद्यार्थ्यांनी निषेध केला. उपयोग झाला नाही.

त्यांच्या जागी जे आले त्यांत नात्सुमे सोसेकी होते. योगायोग असा की कुमामोतोच्या महाविद्यालयातही हर्न ह्यांच्यानंतर काही वर्षांनी सोसेकी ह्यांनीच इंग्रजी शिकविले होते. १९०० ते १९०२ ही दोन वर्षे ते सरकारी खर्चाने इंग्रजीच्या अभ्यासासाठी लंडनमध्ये होते. वर्षाला अठराशे येन ही शिष्यवृत्ती त्या शहरात अपुरी पडे. त्यांनी पाच बिऱ्हाडे बदलली, ग्रंथ विकत घेण्यासाठी पोटाला चिमटा घेतला आणि अखेर खोलीत कोंडून घेतले. त्यांना वेड लागले अशी आवई टोकियोपर्यंत गेली. सोसेकी ह्यांचे इंग्रजी उत्कृष्ट होते. हर्न ह्यांचे जपानी मोडकेतोडके. तरीही रुजला तो हर्न ह्यांचा जीव. ह्याचे कारण स्वभावात शोधण्यापूर्वी परिस्थितीत शोधले पाहिजे. हर्न ह्यांना गावाने बोलावून घेतले होते, त्यांना निशिदा भेटले, पुढे सेत्सु भेटल्या. त्यांच्याकडून गावाला काही हवे होते. लंडनला सोसेकी ह्यांच्याकडून काहीच नको होते. भाषा येणे हे परक्या मुलुखात राहण्याचे साधन आहे. पण कोणाला तरी आपली गरज असणे हे त्याहून मोठे साधन आहे.

हर्न ह्यांचा शेवटचा मोठा ग्रंथलाभही दुसऱ्या शाळेतूनच झाला. सेत्सु जुन्या भुताखेतांच्या कथा जमवीत आणि रात्री दिवा मंद करून पतीला सांगत. पुस्तकातून वाचून दाखविलेले हर्न ह्यांना चालत नसे. तुझ्या शब्दांत सांग, असा त्यांचा आग्रह असे. वर्गात विद्यार्थ्यांच्या निबंधांत ते जे शोधीत होते, तेच ते घरी पत्नीकडे मागत होते. त्या कथांतून १९०४ साली 'क्वाइदान' हा संग्रह निघाला आणि त्याच वर्षी २६ सप्टेंबरला हर्न निवर्तले.

मात्सुएतील त्यांचा वाडा आणि बाग आजही पाहावयास मिळते. शेजारीच १९३३ साली त्यांच्या स्मरणार्थ वस्तुसंग्रहालय उघडले आणि ते उंच मेज तेथे आहे. १९८७ पासून जपान सरकारच्या योजनेखाली दरवर्षी परदेशांतून तरुण-तरुणी इंग्रजीच्या अध्यापनात साहाय्य करण्यासाठी तेथील शाळांत येतात, आडगावच्या शाळांतही जातात. त्यांच्या सामानात शब्दकोश असतील, व्याकरणे असतील. गावात पोचल्यावर मात्र त्यांनाही भाजीच्या दुकानापासूनच आरंभ करावा लागतो. आणि ज्याला भाजीच्या दुकानात आपल्या चुका हसत हसत सुधारून घेता येतात, तो वर्गात मुलांच्या चुकांवर सहसा रागावत नाही. परभाषेच्या शिक्षकाला लागणारी ही पात्रता कोणत्याही परीक्षेतून मिळत नाही. ती त्याला ते परके गावच देते.